मुलाला सोसत नाही ते नेमकं काय?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कोल्हापुरात लहान मुलांची डॉक्टर म्हणून काम करताना मला सर्वांत जास्त वेळा ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे, "मॅडम, आमचं बाळ सारखं आजारी पडतंय." कुणाचं मूल महिन्याआड सर्दी-खोकल्यानं हैराण असतं, कुणाचं नेमकं शाळेच्या वेळेला पोट दुखतं, कुणाचे जुलाब थांबत नाहीत, तर कुणाचं वजनच वाढत नाही. अलीकडे या वाक्याला जोडून आणखी एक प्रश्न येतो, "त्याला खाण्यातलं काही सोसत नसेल का हो?"

प्रश्न रास्त आहे. काही मुलांच्या बाबतीत त्याचं उत्तर 'हो' असतं आणि ते वेळेवर सापडलं, तर मूल दोन-तीन महिन्यांत ओळखू येऊ नये इतकं सुधारतं. पण कितीतरी जास्त मुलांच्या बाबतीत उत्तर 'नाही' असतं. तरीही त्यांचं दूध, अंडं, केळं, दही, भात असं एकेक बंद होत जातं. म्हणून आज दोन गोष्टी सांगणार आहे. खाण्यावर संशय केव्हा घ्यायचा, आणि घेतलाच तर खात्री कशी करायची.

'सारखं' म्हणजे किती?

आधी हा हिशेब करू. पाच वर्षांच्या आतल्या निरोगी मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी-पडसं होऊ शकतं. बालवाडीत नुकत्याच जाऊ लागलेल्या मुलाला त्याहूनही जास्त वेळा होतं. एकेक सर्दी आठ-दहा दिवस रेंगाळते. त्यामुळे पावसाळ्यात आणि थंडीत आईला वाटतं, की पोराचं नाक कोरडं असं कधी नसतंच. पण दोन आजारांच्या मधल्या दिवसांत ते मूल खातंय, खेळतंय, वजन-उंची वाढतेय, तर काळजीचं कारण सहसा नसतं. त्याचं शरीर नव्या नव्या जंतूंची ओळख करून घेत असतं.

काळजी करायची ती वेगळ्या मुलाची. ज्याचं वजन थांबलंय, ज्याच्या शौचातून रक्त पडतंय, ज्याचे जुलाब दोन आठवड्यांहून जास्त चाललेत, औषध देऊनही ज्याचं रक्त वाढत नाही, जे रात्री पोटदुखीनं झोपेतून उठतं, अशा मुलाची. इथे खाण्याचा विचार जरूर करायचा.

ॲलर्जी वेगळी, न सोसणं वेगळं

बोलताना आपण सगळ्यालाच 'ॲलर्जी' म्हणतो. खरं तर हे तीन वेगळे प्रकार आहेत.

ॲलर्जीत शरीराची संरक्षणयंत्रणा अन्नातल्या एखाद्या प्रथिनाला शत्रू समजते. तो पदार्थ चिमूटभर पोटात गेला तरी काही मिनिटांत किंवा तास-दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात, दम लागतो. यात जिवालाही धोका असू शकतो. काही तान्ह्या बाळांत मात्र हीच ॲलर्जी सावकाश, पोटाच्या तक्रारींच्या रूपानं दिसते.

दुसरा प्रकार म्हणजे न सोसणं. इथे संरक्षणयंत्रणेचा काही संबंध नसतो. तो पदार्थ पचवण्याची ताकद कमी पडते, एवढंच. थोडं खाल्लं तर चालतं, जास्त झालं की पोट फुगतं, दुखतं, जुलाब होतात. त्रास खरा असतो, पण धोका नसतो.

तिसरा प्रकार गव्हाशी निगडित आहे, त्याला सीलिॲक म्हणतात. त्यात अन्नाच्या निमित्तानं शरीर स्वतःच्याच आतड्याला इजा करत राहतं.

एकाला मानवेल ते दुसऱ्याला मानवेलच असं नाही, हे आपल्याकडे नवं नाही. आयुर्वेदात 'सात्म्य' आणि 'असात्म्य' हे शब्द त्यासाठीच आहेत. नवं एवढंच, की कुणाला काय आणि का मानवत नाही हे आज बरंचसं तपासून सांगता येतं.

दुधाच्या जिल्ह्यात

आपला जिल्हा दुधाचा. १९६३ साली स्थापन झालेला गोकुळ संघ आहे, वारणा आहे, गावोगावी दूध संस्था आहेत. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध फेसासकट पेल्यात मिळतं. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं, आणि दूध म्हणजे ताकद हे समीकरण घराघरात रुजलं. अशा गावात एखाद्या मुलानं दूध नको म्हणायचं म्हणजे मोठीच पंचाईत. आजी तपासणीच्या खोलीतच मला ऐकवते, "दूध पीत न्हाई त्यो पोरगा अंगानं भरंल कसा?"

माझ्याकडे येणाऱ्या मुलांत एक ठरावीक चित्र दिसतं. सात-आठ वर्षांचा मुलगा. सकाळी उठल्या उठल्या मोठा पेलाभर दूध, तेही रिकाम्या पोटी. मग शाळेची रिक्षा येईपर्यंत पोटात गुडगुड, कळ, कधी पातळ शौचास. घरच्यांना वाटतं, शाळा बुडवायची नाटकं. पण रविवारी दूध दहा वाजता प्यायलं, की पोट अकराला दुखतं. नाटक असतं तर ते सुट्टीच्या दिवशी कशाला केलं असतं?

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं पाचक द्रव्य लागतं. तान्ह्या बाळात ते भरपूर असतं, कारण दूध हेच त्याचं अन्न असतं. पुढे जगातल्या बहुसंख्य माणसांत ते कमी होत जातं आणि साधारण पाच वर्षांनंतर त्याचा परिणाम जाणवू लागतो. न फोडलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू ती आंबवतात, गॅस होतो, पाणी सुटतं. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर भारतातल्या निरोगी माणसांपैकी साधारण चौथ्या हिश्शाला, तर दक्षिण भारतातल्या दोन तृतीयांश माणसांना ही साखर नीट पचत नसल्याचं आढळलं होतं. म्हणजे हा काही दुर्मिळ रोग नाही, मोठेपणी येणारी ही नैसर्गिक अवस्था आहे.

उपायही साधा आहे. दूध पूर्ण बंद करायची गरज सहसा पडत नाही. लॅक्टोज न सोसणाऱ्या बहुतेकांना एका वेळी एखादा पेला दूध, विशेषतः जेवणासोबत, चालून जातं. म्हणून पेला लहान करा, रिकाम्या पोटी देऊ नका, दिवसात विभागून द्या. दही लावताना काही लॅक्टोजचं आम्ल होतं आणि दह्यातले जंतू उरलेली साखर पचवायलाही मदत करतात, त्यामुळे दही आणि ताक बहुतेकांना सोसतं. भाकरीबरोबर ताक पिणारी आपली जुनी माणसं हे शास्त्र न शिकताच पाळत होती. कॅल्शियमची चिंता असेल तर नाचणी आहे, तीळ आहेत.

जुलाबाची साथ आली, की काही मुलांत आतड्याचं अस्तर दुखावतं आणि तात्पुरतं दूध सोसेनासं होतं. ते काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत भरून येतं. या काळात आईचं दूध तोडायचं नाही, जलसंजीवनी चालू ठेवायची. वरचं दूध थोडे दिवस कमी करायचं की नाही, ते डॉक्टर सांगतील. मात्र 'याला दूध चालत नाही' हा शिक्का त्या मुलाच्या कपाळावर दहा वर्षं राहता कामा नये.

दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी ही वेगळी गोष्ट. ती बहुधा पहिल्या वर्षात दिसते. वरचं दूध सुरू झालं, की उलट्या, अंगावर चट्टे, शौचात रक्ताचे धागे, वजन न वाढणं. इथे गाईचं बंद करून शेळीचं किंवा म्हशीचं दूध देण्याचा सल्ला शेजारीपाजारी हमखास मिळतो. त्याचा उपयोग होत नाही, कारण या सगळ्या दुधांतली प्रथिनं एकमेकांसारखीच असतात. आईचं दूध चालू ठेवायचं, गरज पडली तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं आईनंच काही काळ दूधदुभतं सोडायचं. यातली बहुतेक मुलं मोठी होतील तशी या ॲलर्जीतून बाहेर पडतात.

दुधाबाबत आणखी दोन गोष्टी, ज्या न सोसण्याच्या नाहीत पण मूल वारंवार आजारी पडण्याशी त्यांचा संबंध आहे. पहिली म्हणजे अति दूध. दोन वर्षांचं मूल दिवसभर बाटलीनं लिटरभर दूध पितं आणि भाकरी-भाजीला तोंड लावत नाही. दुधात लोह नावापुरतंच असतं आणि भुकेची जागा मात्र ते भरतं. मग मूल गुबगुबीत पण फिकट, सुस्त, मलावरोधानं त्रासलेलं. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या शंभरपैकी जवळजवळ ६९ मुलांत रक्त कमी आढळलं. या वयाला दिवसाचं चारशे-पाचशे मिलिलिटर दूध पुरेसं होतं. बाकीची भूक ताटातल्या अन्नासाठी राखून ठेवा.

दुसरी गोष्ट धारोष्ण दुधाची. जनावर वरून धट्टंकट्टं दिसलं तरी न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि जनावरांचा क्षय माणसाला होऊ शकतो. ब्रुसेलोसिसचा ताप येतो-जातो, सांधे दुखतात, आठवडेच्या आठवडे निदान होत नाही. मोठ्यांनी कट्ट्यावर काय प्यावं हे त्यांचं त्यांनी ठरवावं. लहान मुलाला मात्र दूध उकळूनच द्यावं.

गव्हाची गोष्ट

लंडनच्या सॅम्युएल गी या डॉक्टरांनी १८८८ साली सीलिॲकचं नेमकं वर्णन केलं. पोट मोठं, हातपाय काड्या, शौच पांढुरकं आणि चिकचिकीत. आहारातलंच काहीतरी कारण असणार, हेही त्यांनी ओळखलं होतं. पण ते काय, हे सापडायला आणखी साठ वर्षं गेली. हॉलंडमध्ये विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. गहू बंद केला की अशी काही मुलं सुधारतात, असं त्यांना १९३०च्या दशकातच दिसू लागलं होतं. १९४४-४५च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे भीषण उपासमार झाली. पाव मिळेनासा झाला. लोक मिळेल ते खाऊन दिवस काढत होते आणि ही आजारी मुलं मात्र सुधारली. पाव परत मिळू लागला तशी ती पुन्हा खालावली. डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात हे मांडलं.

गव्हातल्या आणि जवातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे या मुलांच्या लहान आतड्याचं मखमलीसारखं अस्तर सपाट होत जातं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय पाहणीत उत्तर भारतात साधारण शंभर माणसांत एकाला, तर दक्षिणेत हजारात एकाला हा आजार आढळला. आपल्या भागात भाकरी आणि भाताचं वळण जुनं आहे, त्यामुळे डॉक्टरांच्याही मनात हा आजार चटकन येत नाही. पण आता डब्यात चपाती असते, चहाबरोबर खारी-बटर असतं, शाळेतून आल्यावर बिस्किटाचा पुडा असतो, आणि मिसळीबरोबर पाव तर असतोच. जुलाब नसूनही हा आजार असू शकतो. वर्गात सगळ्यांत बुटकी मुलगी, वर्षभर लोहाचं औषध घेऊनही रक्त न वाढणारी, एवढीच खूण कधी कधी असते.

इथे एक कळकळीची विनंती आहे. संशय आला म्हणून घरी परस्पर गहू बंद करू नका. रक्ताची तपासणी आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून केलेली तपासणी गहू खाण्यात असतानाच खरी उत्तरं देते. आधीच बंद केला, तर आजार असून तपासणीत दिसत नाही. निदान पक्कं झालं, तर पथ्य जन्मभराचं असतं. पण आपल्याकडे ते पाळणं युरोपातल्यापेक्षा सोपं आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका ही सगळी धान्यं चालतात. फक्त बारकाव्यांकडे लक्ष हवं. रवा, मैदा, शेवया हे सगळं गव्हाचंच. बाजारातल्या डबीबंद हिंगात पुष्कळदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. आणि ज्या गिरणीत आताच गहू दळला, त्याच जात्यावर पाठोपाठ ज्वारी टाकली, तर पिठात गहू येतोच. या घरांना मी घरगुती चक्की घ्यायला सांगते, नाहीतर ज्वारी-तांदूळच दळणाऱ्या वेगळ्या जात्याची सोय बघायला सांगते.

खोकल्याला केळं जबाबदार?

आता सर्वांत मोठा गैरसमज. वारंवार सर्दी-खोकला होणाऱ्या मुलाचं केळं, पेरू, दही, ताक, संत्रं बंद करण्याची आपल्याकडे रीतच आहे. सर्दी विषाणूंमुळे होते. फळानं ती होत नाही. नुसता खोकला, बाकी अंगावर गांधी नाहीत, उलटी नाही, अशा मुलात अन्नाची ॲलर्जी क्वचितच सापडते.

रात्री आणि पहाटे वाढणारा, पळाल्यावर येणारा, छातीत शिट्टी वाजवणारा खोकला बहुतेक वेळा दम्याचा असतो. 'बालदमा' शब्द ऐकून पालक घाबरतात आणि दही बंद करण्यावर समाधान मानतात. पण दोष घरातल्या धुरात असतो. चूल, डासांची अगरबत्ती, कुणाची तरी बिडी-सिगारेट, पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीवरची बुरशी. आपल्याकडे गळीत हंगामात गुऱ्हाळांचा धूर आणि उसाचा पाला जाळल्याचा धूर यांची भर पडते. या मुलाला योग्य फवाऱ्याचं औषध हवं असतं. केळं बंद करून त्याच्या श्वासनळ्या मोकळ्या होत नाहीत.

पोटाच्या तक्रारींतही आधी साधी कारणं बघावीत. जुनाट मलावरोध हे शाळकरी मुलांच्या पोटदुखीचं फार मोठं कारण आहे. जंत आहेत. देशभर फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये शाळा-अंगणवाड्यांत जंताची गोळी देतात, ती चुकवू नये. आणि पाणी. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली, ती पाण्यामुळे. दर पावसाळ्यात मुलाला जुलाब होत असतील, तर आधी पिण्याच्या पाण्याचं भांडं बघावं, मग ताट.

खात्री कशी करायची

हे सगळं पाहूनही संशय उरलाच, तर एक वही घ्या. दोन आठवडे मुलानं काय खाल्लं, किती वाजता, आणि त्रास कधी झाला, हे लिहा. वहीत पुन्हा पुन्हा एकच पदार्थ दिसला, तर डॉक्टरांशी बोलून तो एकच पदार्थ दोन ते चार आठवडे पूर्ण थांबवा. त्रास गेला, तर तो पदार्थ परत द्या. दिल्यावर त्रास परत आला, तरच तो दोषी. परत देण्याची ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच फसतात. पोटदुखी पुष्कळदा आपोआपही थांबते आणि श्रेय उगाचच पथ्याला मिळतं.

दोन अपवाद लक्षात ठेवा. गव्हाचं मी आधीच सांगितलं. आणि ज्या पदार्थानं कधी ओठ सुजले, दम लागला किंवा मूल मलूल पडलं, तो घरी परत देऊन बघायचा नाही. असं झालं तर ताबडतोब दवाखाना गाठायचा. तिथे मांडीत द्यायचं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन जीव वाचवतं.

सध्या रक्ताच्या एका नमुन्यात शंभर-दोनशे पदार्थ तपासून न सोसणाऱ्या पदार्थांची यादी देणाऱ्या चाचण्यांची जाहिरात होते. त्यातल्या पुष्कळशा आयजीजी नावाची प्रतिद्रव्यं मोजतात. ही प्रतिद्रव्यं म्हणजे तो पदार्थ शरीरानं पाहिला आहे, एवढीच नोंद. जे मूल रोज भात खातं त्याच्या यादीत भात येणारच. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं २००८ साली आणि नंतर अमेरिका, कॅनडातल्या संघटनांनीही या चाचण्यांवर निदान करू नये, असं स्पष्ट सांगितलं आहे. अशी यादी घेऊन एक आई माझ्याकडे आली होती. गहू, तांदूळ, तूर, दूध, अंडं, शेंगदाणा, टोमॅटो, सगळ्यावर लाल खूण. चार महिने ते मूल साबुदाणा आणि बटाट्यावर होतं. त्याचं वजन अडीच किलोनं घटलं होतं. त्याचा मूळ आजार होता मलावरोध.

बंदीची किंमत

काही न देणं म्हणजे सुरक्षित, असं आपल्याला वाटतं. शेंगदाण्याचं उदाहरण याच्या उलट आहे. ॲलर्जी होईल या भीतीनं पाश्चात्त्य देशांत पालक बाळांना शेंगदाणा देत नसत. इंग्लंडमध्ये ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या ६४० बाळांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ सुरू केले, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत दिले नाहीत. २०१५ साली निष्कर्ष आले. ज्यांनी लवकर खाल्ला, त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी होती. आपल्याकडे सहा महिन्यांनंतर बाळाच्या मऊ भातात बारीक कूट कालवणारी आजी बरोबरच करते. आख्खा दाणा मात्र लहान मुलाला देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो.

तेव्हा श्रोतेहो, मूल वारंवार आजारी पडत असेल, तर अन्नाचा विचार जरूर करा, पण चौकशी पूर्ण होण्याआधी शिक्षा सुनावू नका. मुलाच्या ताटातला कुठलाही पदार्थ बंद करायला कुणीही सांगितलं, मग ते शेजारी असोत, जाहिरात असो की डॉक्टर, तर दोन प्रश्न विचारा. हा का बंद करायचा? आणि परत कधी सुरू करायचा? दुसऱ्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही, त्यानं पहिल्याचाही पुरता विचार केलेला नसतो.